कापडी बैलाचे मागचे पाय

भोरच्या आमच्या हायस्कुलात शिकवणं फार होत असे असं नाही, पण फळा मोठा होता. वर्गातला नव्हे. वर्गातल्या फळ्यांचा रंग कधीच उडाला होता आणि त्यांच्यावर खडू उमटत नसे. मी म्हणतो तो दारातला. त्याला दर वर्षी नवा काळा रंग मिळे, वर पावसासाठी पत्र्याची झापडी होती, आणि त्याच्यावर लिहिण्याचा अधिकार फक्त हेडमास्तरांना होता. दर सोमवारी ते रंगीत खडूंची डबी घेऊन येत, 'आगामी उत्सव, समारंभ व सुट्ट्या' असा वळणदार मथळा काढत आणि खाली येणाऱ्या दिवसांचं भविष्य लिहीत.

होऊन गेलेल्या कार्यक्रमाशी हेडमास्तरांना काही कर्तव्य नसे. त्यांचा जीव 'आगामी'त. गुरुपौर्णिमा आहे म्हणून ज्येष्ठातच फुलं काढलेली, शारदोत्सवाचं नाव श्रावणात लिहिलेलं, आणि नाताळच्या सुट्टीतल्या स्नेहसंमेलनाला तर पावसाळ्यापासून फळ्याचा एक कोपरा राखून ठेवलेला. प्रत्यक्ष गुरुपौर्णिमेला पाऊस लागला, सतरंज्या भिजल्या आणि गुरू घरी निघून गेले, तरी त्यांना वाईट वाटत नसे. ओला फडका घेऊन ते गुरुपौर्णिमा पुसत आणि तिच्या जागी नागपंचमी लिहीत.

ही सन पस्तीस-छत्तीसच्या सुमाराची गोष्ट. मी मार्गासनीच्या पुढचा, वेल्ह्याच्या वाटेवरच्या गावचा. आमच्या गावातून इंग्रजी शाळेत आलेला मी पहिलाच, आणि हे कौतुक गावानं मला इतक्यांदा ऐकवलं होतं की पळून जायची सोय उरली नव्हती. भोरात बोर्डिंगात राहत होतो. नादारीवर होतो, म्हणजे फी माफ होती, आणि ती माफी दर वर्षी नव्यानं मंजूर व्हावी लागे. नादारीच्या पोरानं कसं वागायचं असतं ते मला पहिल्याच आठवड्यात समजलं. हसायचं ते इतर हसल्यावर, आणि बोलायचं ते विचारल्यावर.

त्या फळ्यावर सगळे सण असत. एक बेंदूर तेवढा नसे.

आमच्याकडे बेंदूर म्हणजे बैलांचा सण, आषाढातला. आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळायचे, दुसऱ्या दिवशी त्यांना नदीवर धुवायचं, शिंगं रंगवायची, पाठीवर झूल घालायची आणि ओवाळून पुरणपोळीचा घास द्यायचा. हे सगळीकडं सारखंच. पण आमच्या घरात एक जास्तीचं होतं. ज्यानं वासरू वाढवलं असेल त्याच्याच हातचा पहिला घास त्या बैलाला मिळायचा, आणि तो मिळाल्याशिवाय घरात कुणाचं पान मांडलं जायचं नाही. एका साली चुलता वेळेवर पोचला नाही आणि दुसऱ्याच कुणी घास दिला, तर तो बैल त्याच पावसाळ्यात बांधावरून घसरून पाय मोडून बसला. तेव्हापासून या बाबतीत आईपुढं कुणाची मात्रा चालत नसे.

आमचा तांबडा बैल मी वाढवला होता. त्याची आई व्यायल्यावर दोन दिवसांत गेली, आणि दुसऱ्या गाईचं दूध बोटावर घेऊन मी ते त्याला चाटवून चाटवून जगवलं. त्याचं डावं शिंग खाली वळलेलं होतं, तोंड मूर्खासारखं होतं, आणि माझ्यावर त्याचा जीव होता. माझाही त्याच्यावर होता, हे कबूल करायला मला आता लाज वाटत नाही. शाळेला निघताना आईला मी सांगून आलो होतो, "बेंदराला येतो."

आणि एका सोमवारी फळ्यावर अक्षरं उमटली. आषाढ शुद्ध त्रयोदशी, शाळा-तपासणी. पाहुण्यांच्या सन्मानार्थ 'कृषिवल-गौरव' हा कार्यक्रम. सर्व विद्यार्थ्यांची उपस्थिती आवश्यक. सुट्टी नाही. चारी बाजूंनी हिरव्या खडूनं भाताच्या लोंब्या काढल्या होत्या, आणि त्या गव्हासारख्या दिसत होत्या.

त्या तेरसेलाच आमचा बेंदूर होता.

त्याचं असं झालं होतं की पुण्याहून येणाऱ्या तपासणीसाहेबांना त्या वर्षी ग्रामोद्धाराचं वेड लागलेलं होतं. बऱ्याच मोठ्या माणसांना ते तेव्हा लागलं होतं. आधीचे साहेब स्वच्छतेचे होते, तर आम्ही महिनाभर नखं कापत होतो. हे शेतकऱ्याचे निघाले, म्हणून आता शेतकऱ्याचा गौरव करायचा होता.

मी रजा मागायला गेलो. हेडमास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी लग्नाच्या मांडवातून नवऱ्यालाच उठवून न्यायला आलो होतो.

"अरे, आपण इथे शेतकऱ्याचाच सण करतो आहोत! मग तू घरी कशाला जातोस?"

मी म्हटलं, बैलाला घास द्यायचा असतो.

"बैल इथेही आहेत," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि नादारीच्या कागदांवर साहेबांची सही त्याच दिवशी व्हायची आहे. त्या दिवशी जो हजर नसेल त्याच्याबद्दल मी काय सांगू?"

इथले बैल म्हणजे कापडी. बांबूच्या कामट्यांवर गोणपाट ताणून त्याला चुना फासला होता आणि अंबाडीच्या दोरांच्या शेपट्या लावल्या होत्या. एकेका बैलात दोन दोन मुलं. शेतकऱ्याची भूमिका एका वकिलाच्या मुलाकडे गेली, कारण त्याचे उच्चार शुद्ध होते. बियाणं पेरणारा सावकाराचा पुतण्या होता, आणि पावसाची प्रार्थना म्हणणाऱ्या मुलाच्या घरी नळ होता. मी आणि गावातल्या नालबंदाचा मुलगा, आम्ही बैल. बाप बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकणारा, त्यामुळे त्या मुसलमान पोरानं जितके बैल पाहिले होते तितके तालुक्यात कुणी पाहिले नसतील. म्हणजे सबंध कार्यक्रमात ज्या दोघांना बैल कशाशी खातात ते ठाऊक होतं, त्या दोघांना गोणपाटात शिवलं होतं. तो उंच म्हणून पुढचे पाय, मी बुटका म्हणून मागचे.

तालमीत वकिलाचा मुलगा बैल हाकायला 'हो हो' म्हणायचा. आमच्याकडे 'हो' म्हटलं की बैल उभा राहतो. आम्ही उभे राहिलो. त्यानं आणखी जोरात 'हो' म्हटलं, आम्ही आणखी घट्ट उभे राहिलो. गाण्याचे मास्तर चिडले तेव्हा मी गोणपाटातून डोकं काढून चूक कुठं होते ते सांगायला लागलो.

"तू मागचे पाय आहेस ना?" मास्तर म्हणाले. "मग मागच्या पायांनी बोलायचं नसतं."

मी डोकं आत घेतलं. त्या दिवसापासून भोरात बैल 'हो' म्हटल्यावर चालू लागले.

बाजाराला आलेल्या आमच्या गावच्या एका माणसाबरोबर मी घरी सांगावा धाडला की मला सुट्टी नाही, बेंदराला येता येत नाही. आईचं तोंड कसं झालं असेल हे मला इथून दिसत होतं. आबांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, काय झालं ते मात्र पुढं त्याच माणसाकडून कळलं. त्यांनी सांगावा ऐकला, तंबाखू मळली आणि एवढंच म्हणाले, "पोराला सुट्टी न्हाई. बैलांना हाय. मंग ज्याला सुट्टी हाय त्यानं जावं."

तपासणीचा दिवस उजाडला तो उघाड घेऊन. पटांगणात मांडव होता. मधे टेबल, टेबलावर हार, आणि हाराखाली आमच्या नादारीचे कागद, वर दगड ठेवलेले. साहेब गोरेगोमटे, घाऱ्या डोळ्यांचे, खिशात वही. कुणी काही बोललं की ते वहीत टिपून घ्यायचे. गावातला फोटोवाला तीन पायांचा कॅमेरा घेऊन कडेला उभा होता. सुरुवातीला हेडमास्तर बोलले. शेतकरी हा जगाचा पोशिंदा आहे, असं ते म्हणाले, आणि पोशिंद्याची पोरं मांडवाच्या अगदी मागं, खांबांच्या आड बसलेली होती, तिथं त्यांना ते ऐकू गेलं की नाही देव जाणे.

मग आम्ही आलो. आत उकडत होतं, चुना डोळ्यांत जात होता. वकिलाचा मुलगा नांगर धरून काळ्या आईवर काहीतरी म्हणत होता. तेवढ्यात मला घुंगुरमाळ ऐकू आली.

घुंगुरमाळा शंभर असतात, पण आपल्या घरच्या माळेचा आवाज माणसाला कळतो. एक घुंगरू फुटकं होतं आमच्या माळेतलं, ते खुळखुळायच्या ऐवजी खरखरायचं. मी पुढच्या पायांच्या पाठीला चिमटा घेतला.

"बाहीर काय हाय रं?"

पुढच्या पायांना बैलाच्या तोंडातून दिसत असे. तो म्हणाला, "फाटकाशी दोन बैलं हायती. झुली घातल्याती. एक तांबडा. डावं शिंग खाली." मग जरा थांबून म्हणाला, "संगट पटकेवाला हाय. गुडघ्यापत्तुर चिखल."

आबा होते. खांदेमळण वाटेत कापूरहोळला केली होती, तिथंच एका ओसरीला रात्र काढली होती आणि सकाळी नदीवर बैल धुऊन, रंगवून ते शाळेच्या दारात आले होते. पोराला बैलाकडे जाता येत नाही म्हणून बैल पोराकडे आला होता. यात विनोदी काय आहे ते मला तेव्हाही कळलं नाही, पण मांडवात हशा पिकला.

शिपायानं फाटक अडवलं. "जनावरं आत न्यायची न्हाईत," त्यानं दटावलं. "आत शेतकऱ्याचा मान चाललाय. तुमी बाहीरच थांबा."

"माज्या पोराला तेवडं बोलवा," आबा म्हणाले. "घास दिऊन झाला की लगीच माघारी फिरतो."

पुढचे पाय मला म्हणाले, "तू जा. म्या एकटाच हुबा ऱ्हातो. काय हुतंय?"

काय होतं? दोन टाके उसवायचे आणि बाहेर यायचं. शिवणीच्या फटीतून मला टेबल दिसत होतं, हार दिसत होता, आणि दगडाखाली फडफडणारे कागद दिसत होते. सही अजून व्हायची होती. माझे पाय हलले नाहीत. पुढं आयुष्यात मी पुष्कळ ठिकाणी गप्प बसलो, त्याचा सराव इथंच झाला.

आणि मग साहेबांची नजर फाटकाकडे गेली.

"वा, हेडमास्तर! प्रत्यक्ष बैलजोडी?"

हेडमास्तरांचा चेहरा क्षणभर कोरा झाला. पण वीस वर्षं 'आगामी' लिहिणारा माणूस तो. "मुलांना साक्षात दर्शन घडावं, म्हणून मुद्दाम वेल्ह्याच्या बाजूनं मागवली," ते म्हणाले. शिपायानं फाटक असं उघडलं की जणू ते बंद कधी नव्हतंच.

बैल मांडवात आले. तांबड्यानं आमच्या कापडी बैलाचा वास घेतला, नेमका मागच्या बाजूनं. आबांनी धोतराच्या सोग्यात बांधलेलं फडकं सोडलं. आत पोळ्या होत्या. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं.

"माजं पोर कुठं हाय, मास्तर?"

"आहे, आहे. कार्यक्रमात आहे," हेडमास्तर म्हणाले. मी कोणत्या बैलात आणि कोणत्या टोकाला आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं.

साहेबांना फोटो हवा होता. "तो नैवेद्य आपल्या या शेतकऱ्याच्या हातात द्या," ते म्हणाले आणि वकिलाच्या मुलाकडे बोट दाखवलं.

आबा जागचे हलले नाहीत. "ह्यो न्हवं साहेब. ज्यानं वाडवला त्याचाच हात लागतो पयल्या घासाला. आमच्या घरची रीत हाय."

"किती सुंदर श्रद्धा!" साहेब म्हणाले. त्यांनी वही काढली, ती श्रद्धा सावकाश, नीट अक्षरात टिपून घेतली, वही खिशात घातली आणि म्हणाले, "हं, द्या आता त्याच्या हातात."

आबांना साहेबाशी कसं बोलायचं हे ठाऊक नव्हतं. त्यांनी आयुष्यात तलाठ्यापेक्षा मोठा माणूस पाहिला नव्हता. त्यांनी दोन पोळ्या काढून दिल्या.

"तुम्ही जरा बाजूला सरा," फोटोवाला आबांना म्हणाला. "चित्रात शेतकरी नीट दिसायला हवा."

आबा सरले. फोटोवाल्यानं काळ्या कापडात डोकं घातलं आणि आतून ओरडला, कुणी हलू नका. माझ्यापुरता त्यानं तो त्रास घ्यायची गरज नव्हती. वकिलाच्या मुलानं हात जमेल तेवढा लांब करून पोळी पुढं धरली होती, बिचाऱ्यानं बैलाला कधी हात लावला नव्हता. तांबडा आता तोंड फिरवेल असं मला वाटलं. वासरपणी माझं बोट चोखून जगलेलं जनावर ते, परक्याच्या हातचं कसं खाईल? गोष्टीत असतं तर फिरवलंही असतं. पण बैल तो. सकाळपासून चालून आलेला, भुकेजलेला. त्यानं जीभ काढली आणि पोळी खाल्ली. मग दुसऱ्या हातातलीही खाल्ली.

टाळ्या झाल्या. "चावला नाही रे!" वकिलाचा मुलगा आम्हाला, म्हणजे गोणपाटाला, हर्षानं म्हणाला.

साहेब आत फराळाला गेले तेव्हा मी शिवण उसवून बाहेर आलो. आबा फाटकाबाहेर बैलांची झूल सारखी करत होते. माझ्या तोंडाला चुना होता.

"तू त्यात हुतास व्हय?"

"व्हय."

"फुडं का मागं?"

"मागं."

त्यांनी झुलीची गाठ सोडून पुन्हा बांधली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "लई उकडत असंल आत." फडक्यात एक पोळी उरली होती, ती माझ्या हातात दिली. "तुजी हाय. आयनं दिलीया."

मी म्हटलं, ही तांबड्याला देतो.

"दे की. पर पयला घास झाला आता," आबा म्हणाले. "निगतो. घरी कुनी जेवलं नसंल."

म्हणजे आई तेरसेला दिवसभर आणि चौदसेला आबा पोचेपर्यंत उपाशी बसणार होती. मी ती पोळी तांबड्याला दिली नाही आणि मीही खाल्ली नाही. बोर्डिंगाच्या खिडकीत ठेवली, तिथं ती मुंग्यांनी नेली.

नादारी मंजूर झाली. शेरा असा होता की विद्यार्थी आज्ञाधारक आहे. फोटो चौकटीत बसवून हेडमास्तरांच्या खोलीत लागला. त्याच्याखाली 'ग्रामीण जीवनाचे दर्शन' असं लिहिलं होतं. मधोमध वकिलाचा मुलगा, पोळी खाणारा तांबडा, आणि कडेला कापडी बैलाचा मागचा भाग. शाळेच्या इतिहासात माझं तेवढंच छायाचित्र आहे. पुढच्या वर्षी फळ्यावर ज्येष्ठातच लिहिलेलं दिसलं, 'आगामी: बेंदूर (प्रत्यक्ष बैलांसह). सुट्टी नाही.'

मी दिवाळीला घरी गेलो. वाटेत मी जिवाचा हिय्या करत होतो की आईला खरं ते सांगून टाकायचं. तांबडा धडधाकट होता, दावणीला उभा होता, मला पाहून त्यानं कान हलवले. मी हात पुढं केला तर चाटायला लागला, जसं काही झालंच नव्हतं. आई चुलीपाशी होती. आबा उंबऱ्यात बसून सुंभाचा दोर वळत होते.

"काय रं," आई म्हणाली, "तुला बगून तांबडा वरडला असंल न्हवं शाळंत? समद्यांम्होरं घास दिलास म्हनं. तुजं आबा सांगत हुतं."

मी आबांकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही. दोर वळतच होते.

"व्हय," मी म्हणालो.

"कसा खाल्ला?"

मी चुलीतलं लाकूड आत सारलं. तेव्हा उंबऱ्यातून आबा म्हणाले, "समदा खाल्ला. तुकडा ऱ्हाऊ दिला न्हाई."

तेवढं मात्र खरं होतं. आई समाधानानं हसली आणि तिनं माझं पान मांडलं.